भामाबायचा पातेरा

“ओ गवसांनू! जित्ते आसात काय गेलात वर?”

बागेच्या दगडी गडग्याच्या खिंडारातून ही हाक आली की समजायचं, साडेआठ वाजले. बागेतल्या माझ्या मांगरात घड्याळ होतं, पण त्याची बॅटरी संपली तरी मी दोन दोन महिने बदलत नसे. गरजच पडत नसे.

“जित्तो आसंय! तुझ्या नाकावर टिच्चून जित्तो आसंय!” मी आतून ओरडायचो.

“मगे भायर येवा. कुत्रो भुकान मेलो, तुमी आपले लोळतात.”

कुत्रा भुकेने मेलेला नसायचा. कुत्रा पाव खाऊन, अंग चाटून, शेपूट हलवत तिच्या वाटेवर जाऊन बसलेला असायचा. दिवाण त्याचं नाव. लहान असताना ओसरीवर असा ऐटीत बसे की जणू संस्थानचा कारभार त्याच्याकडेच. पण भामाबायचं बोलणं सुरूच व्हायचं ते मला एक ठोसा लगावून, आणि मला तो ठोसा लागे. म्हणजे हवा असे.

हे सांगतोय त्याला आता सात वर्षं झाली. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो, टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त. जन्मभर खांबांवर चढून लोकांच्या घराघरांत फोन जोडले आणि म्हातारपणी राहायला कुठे आलो, तर जिथे मोबाइलची एक काडी उमटत नाही अशा काजूच्या बागेत. बायको, नलू, गेली आणि गावातल्या घरात मन लागेना. म्हणून बागेच्या राखणीसाठी बांधलेला दोन खणांचा मांगर होता तिथे बिऱ्हाड हलवलं. मुलगा मस्कतला. रविवारी त्याच्याशी बोलायचं तर अर्धा तास चढून डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर जावं लागे. घामाघूम होऊन वर पोचलो की तो म्हणे, “बाबा, जरा कामात आहे, नंतर करतो.” बरं म्हणायचं आणि खाली उतरायचं. गावात मला विक्षिप्त म्हणत. म्हणोत. मीही गावात जाणं सोडलं होतं.

तर भामाबाय. सत्यभामा धुरी, ओढ्यापलीकडच्या वाडीतली. वयाने माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. नवरा जाऊन बराच काळ लोटलेला, मुलगा रत्नाकर वास्कोला हॉटेलात. मी मांगरात राहायला आलो त्याच वर्षी ती खिंडारात उभी राहून म्हणाली होती, “तुमच्या बागेत पातेरो कुजता फुकट. नेव काय माझ्या गायीक?”

पातेरा म्हणजे काजूची, आंब्याची, फणसाची वाळून पडलेली पानं. गोठ्यात गुरांच्या पायाखाली अंथरतात, मग त्याचं शेणखत होतं. मला काय, बाग साफ झाली तर बरंच. ने म्हटलं. तेव्हापासून पावसाळा सोडला तर ती रोज यायची. बांबूचा हारा, हातात खराटा. तासभर पाला झाडायची, हारा चेपून चेपून भरायची, मग फणसाखालच्या दगडावर बसून दिवाणाच्या अंगावरच्या गोचिडी काढायची. कानामागून, बोटांच्या बेचक्यांतून. एकेक गोचीड चिमटीत धरून करवंटीतल्या रॉकेलात टाकायची आणि त्याच वेळी मला वाडीची बातमीपत्रं वाचून दाखवायची.

पहिली बातमी नेहमी गायीची. तिची चांदी. “चांदीन काल रातचा खाल्ल्यानच नाय.” “चांदीक आज फटीच्या बैलान शिंग मारल्यान.” त्या गायीचा स्वभाव, खोड्या, दुखणी मला माझ्या सुनेच्याहून जास्त ठाऊक होती. आदल्या वर्षी चांदी व्याली तेव्हा मी अर्धा किलो गूळ आणि एक नारळ दिला होता. दुसऱ्या दिवशी भामाबायने वाटीभर खरवस आणला. गायीचं एवढं कौतुक ऐकून ऐकून मलाही ती आपलीच वाटायला लागली होती.

ओसरीवर मात्र ती कधी चढली नाही. पहिल्या वर्षी मी चहा विचारला होता. ती दगडावरूनच म्हणाली, “मी पातेऱ्याक इलंय, गवसांनू. चायक नाय.” तिचं बरोबर होतं. एकटा विधुर, एकटी विधवा. पातेरा डोक्यावर असला की कोणी बोट दाखवणार नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तिचं एक तासाचं बोलणं मला उरलेले तेवीस तास पुरवावं लागे आणि मी ते पुरवत असे. दुपारी एकटाच बसून तिच्या एखाद्या ठोशाला चांगलं उत्तर शोधायचो, उद्या द्यायला.

त्या फेब्रुवारीत एका दुपारी आरोग्य खात्याचे मयेकर मोटारसायकल ओढ्याकाठी लावून बागेत चढून आले. बाग सगळी पायाखाली घालून, एकदोन ठिकाणी वाकून बघत बघत आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले.

“गवसकाका, पलीकडच्या डोंगरात तीन माकडं मेलेली सापडलीत. माकडताप आहे.”

“मग? माकडांका ताप इलो तर मी काय करू, काढो करून पाजू?”

मयेकर हसले नाहीत. “माकडताप नाव आहे नुसतं. माणसाला देते ती गोचीड. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पाल्यात दबून राहतात. त्यांची पिल्लं तिळाएवढी असतात, चावली तरी कळत नाही. आठवड्याने ताप भरतो. वर्षाला माणसं जातात याने, थट्टा नाही.” त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला आणि तेलाच्या दोन बाटल्या. “बागेत जाताना हातापायांना हे तेल लावायचं. पूर्ण बाह्यांचे कपडे. आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात. कुत्र्याला घरात घेऊ नका, त्याच्या अंगावरून त्या आत येतात. गोचीड नुसत्या बोटांनी काढायची नाही, चिरडायची तर नाहीच. आणि मुख्य म्हणजे पातेरा. पातेऱ्याला कोणी हात लावायचा नाही. ती धुरीबाई तुमच्याकडेच येते ना रोज?”

“येता.”

“तिच्या घरी दोनदा गेलो, कुलूप. तुमच्याकडेच असणार त्या वेळी. तिला सांगा, पावसाळा लागेपर्यंत यायचं बंद. एक बाटली तिची.”

“सांगतंय,” मी म्हटलं.

ते गेले. मी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग हिशेब केला बोटांवर. मार्च, एप्रिल, मे. जून लागला की पावसात ती तशीही येत नाही. म्हणजे थेट दिवाळी. दिवाळीपर्यंत साडेआठला कोणी हाक मारणार नाही.

आता मला कोणी विचारलं तर मी म्हणू शकतो की मला धोका नीट समजला नव्हता. पण तसं नव्हतं. मला नीट समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. हाक झाली, उत्तर झालं. मी ओसरीवरून उतरलो, घसा खाकरला.

“भामाबाय, डोंगरात माकडताप इलोहा म्हणतत. माकडांपासून लांब ऱ्हव.”

“माकडांपासून? मी काय माकडांच्या लग्नाक जातंय?” ती खराटा आपटत म्हणाली. “एकच माकड मी रोज बघतंय, तां हय ओसरीर बसान चाय पिता.”

मी हसलो. इथे पुढचं वाक्य बोलायचं होतं. जिभेवर होतं. ती हसत होती, दिवाण तिच्या पायाला अंग घासत होता, काजूच्या बोंडांचा वास सुटला होता. मी आत गेलो आणि तेलाची बाटली आणून तिच्या हातात दिली.

“ह्यां काय?”

“सरकारी तेल. डास, किडे चावनत नाय. हातापायांक लाव. रोज लाव.”

एवढंच. वाटलं, तेल लावील, मग भागलं. तेलाच्या भरवशावर मी माझी साडेआठची वेळ राखून ठेवली.

चौथ्या दिवशी बघतो तर ती बाटली फणसाखाली रिकामी आडवी पडलेली. दिवाण ऊन खात पडलेला, अंगभर तेलाने चकचकीत, नवऱ्यामुलासारखा.

“भामाबाय! तेल काय केलंस?”

“कुत्र्याक लावलंय. किती गोचडी लागल्यात बिचाऱ्याक! बघा, आज एकय गावाक नाय. बरां आसा हां तुमचां सरकारी तेल.”

“अगो, तुका दिलंलंय तां!”

“माका कित्याक? माझां कातडां म्हशीचां. माका कोण चावतलो?”

माझी दुसरी बाटली कोनाड्यात होती. ती दिली. ती म्हणाली, “तुमका नको काय? तुमी बागेत फिरतात,” आणि घेतली नाही. खिशात कागद होता. त्या दिवशीही मी तो काढला नाही. ती हारा उचलून गडग्यापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो एवढं आठवतं.

त्यानंतर पाचव्या दिवशी साडेआठला हाक आली नाही.

पहिल्या दिवशी मला राग आला. म्हटलं, कळलं वाटतं कोणाकडून तरी, आणि मला न सांगता यायचं बंद केलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, चांदीचं काही दुखलंखुपलं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवाण खिंडारात जाऊन बसला आणि पावाकडे बघेना.  कागदावरचा “आठवड्याने” हा शब्द डोळ्यांसमोरून हलेना. चपला घातल्या आणि ओढा ओलांडला.

इतक्या वर्षांत मी तिच्या घरी कधी गेलो नव्हतो. वाडीच्या टोकाला मातीचं घर, पुढे तुळस, बाजूला गोठा. मागच्या परसात नजर गेली आणि मी थांबलो. पातेऱ्याचा ढीग. गोठ्याच्या कौलांपेक्षा उंच. खालचा थर कुजून काळा पडलेला, त्यावर तांबूस, त्यावर अगदी वर माझ्या बागेतली पिवळी पानं. वर्षावर वर्ष चढलेली. म्हटलं, ही गायीच्या पायाखाली घालत का नाही?

गोठ्यात डोकावलो. गोठा रिकामा. नुसता रिकामा नाही, झाडून सारवून लख्ख. शेणाचा मागमूस नाही. खुंट्याला दावं गुंडाळून नीट बांधलेलं, त्यावर कोळ्याचं जाळं.

शेजारच्या अंगणात फटी नाईक टेम्पो धूत होता. मी हाक मारली, “फटी, भामाबायची गाय खंय?”

“कसली गाय?”

“चांदी.”

“चांदी?” फटीने हातातलं फडकं थांबवलं. “गवसांनू, चांदीक पान लागान मरान चार वर्सां झाली. आंब्याखाली सापान चावल्यान. मीच पुरलंय तिका.”

मला वाटलं तो दुसऱ्या कुठल्या गायीचं बोलतोय. तेवढ्यात घरातून कण्हणं ऐकू आलं.

भामाबाय चटईवर पडली होती. अंग भट्टीसारखं तापलेलं, डोळे लालभडक, मान हलवता येत नव्हती. मला बघून तिने पदर सारखा करायला हात उचलला आणि तो अर्ध्यातच पडला.

“ओसरीर बसा,” ती म्हणाली. “हय नको. लोक बघतले.”

“लोक गेले चुलीत!” मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा झाला की फटी धावत आला.

टेम्पोत गादी घातली. आधी तालुक्याला, तिथून सरकारी गाडीने गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात. रक्त तपासणीला गेलं आणि माकडतापच निघाला. डॉक्टरांनी विचारलं, गोचीड चावली असेल असं काही काम करत होती का? मी म्हटलं, “पातेरा गोळा करत होती.” “कोणी सांगितलं नाही का हिला?” मी खिशातला कागद चाचपला. डॉक्टरांना वेळ नव्हता, ते पुढच्या खाटेकडे गेले.

रत्नाकर वास्कोहून आला, दोन दिवस राहिला, पुन्हा येतो म्हणून कामावर गेला. मी राहिलो. इस्पितळाच्या आवारातल्या बाकावर बसायचो, भेटीच्या वेळी आत जायचो. दिवाणाला फटी भाकरी घालत होता. आठव्या दिवशी ताप उतरला. तिने पेज मागितली आणि पहिल्या घासाला नाक मुरडलं, “मीठ नाय. आजाऱ्याक मीठ घालूक ह्यांका काय सोन्याचां लागता?” तेव्हा मला वाटलं, आता जगली.

“भामाबाय,” मी म्हटलं, “माका काय तरी सांगूचां आसा.”

“सांगा. मी हय खंय पळान जातंय?”

खिशातून कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. तिला अक्षर येत नव्हतं, तरी मी तो तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. मयेकर आले, काय म्हणाले, मी काय सांगितलं आणि काय गिळलं. का गिळलं, तेही सांगितलं. ते सांगताना मला खाटेच्या लोखंडी पायाकडे बघत बोलावं लागलं.

ती कागद उलटा धरून बघत राहिली.

“राग इलो माका,” ती म्हणाली. “मोठो राग इलो, गवसांनू. एवढां सांगाक तोंड शिवला होता तुमचा?”

“व्हय.”

“तुमका वाटला, पातेरो बंद झालो की मी येवचंय नाय.”

“व्हय.”

ती भिंतीकडे वळली. मला वाटलं, संपलं. मग तिचे खांदे हलायला लागले. रडते असं वाटून मी उठलो तर ती हसत होती.

“तुमी माझो गोठो बघितलात मां?”

“बघितलंय.”

“गाय मेली. मगे मी विचार केलंय, आता कसल्या नावान जावचां त्या बागेत? मगे म्हटलंय, तुमका खंय कळतला? तुमी कोणाशी बोलणत नाय.”

“आणि तो खरवस?”

“फटीच्या म्हशीचो! तुमी गूळनारळ दिलात, मी काय करतलंय? पहाटेक जावन मागान हाडलंय,” ती म्हणाली आणि इतकी हसली की हिरड्यांतून रक्त आलं. नर्स धावत आली आणि मलाच झापून गेली. भामाबायने तोंड पुसलं. मग हळू आवाजात म्हणाली, “सांगितलां असतात तर मी रिकामी इलंय असतंय.”

“लोक काय म्हणतले असते?”

“लोक? चार वर्सां गायीशिवाय डोक्यार पातेरो वाहतंय त्यांच्या नाकासमोरसून. एकान तरी इचारल्यान काय, भामी, तू ह्यां कोणासाठी नेतंस? मगे एक कप चायचा काय इचारतले?”

मी कागदाची पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवला. 

अकराव्या दिवशी तिला घरी सोडलं. रत्नाकर वास्कोला चल म्हणत होता, ती म्हणाली, पावसाळ्यात बघू. मयेकरांनी माणसं आणून माझ्या बागेतला, तिच्या परसातला पातेरा जाळून टाकला, फवारणी केली. दिवाणाला औषध घालून अंघोळ घातली, गळ्यात पट्टा बांधला. मी मांगरापासून खिंडारापर्यंतची वाट खराट्याने खरवडून काढली. एक पान शिल्लक ठेवलं नाही.

दोन दिवसांनी साडेआठला हाक आली. बारीक होती, पण आली. “ओ गवसांनू! जित्ते आसात?”

“जित्तो आसंय! तू कशी आसस ता सांग!”

ती खिंडारातून आली. डोक्यावर हारा नाही, हातात खराटा नाही. दोन्ही हात कुठे ठेवावेत तिला कळत नव्हतं. पदराचं टोक धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. “हात हलवत इलंय,” ती लाजून म्हणाली, आणि ओसरीच्या तीन पायऱ्या चढून वर आली. मी चहा केला. साखर जास्त पडली. ती म्हणाली, “ह्येका चाय म्हणतत?” आणि सगळा प्यायली.

पहिल्या दिवशी गंमत झाली, आम्हाला बोलायला काही सुचेना. चांदी नव्हती ना आता. दुसऱ्या दिवशी तिने मला नलूबद्दल विचारलं. तिच्याबद्दल मला कोणी काही विचारलं त्यालाही कितीतरी वर्षं झाली होती. नलू तुळशीला पाणी घालताना नाकात गाणं म्हणायची, ते गाणं मी इतक्या वर्षांनी आठवून आठवून म्हणून दाखवलं. तिसऱ्या दिवशी भामाबायने नवऱ्याचं सांगितलं, कडक होता पण मासळी स्वतः साफ करून द्यायचा. चौथ्या दिवशी ती जरा लवकर उठली. म्हणाली, “डोक्या जड जाता. उद्या येतंय.”

पाचव्या दिवशी साडेआठ वाजले, पावणेनऊ वाजले. या वेळी मी थांबलो नाही. धावत गेलो, ओढ्यात एक चप्पल गेली तरी थांबलो नाही.

हा ताप असा असतो म्हणे. एकदा उतरतो, माणूस हिंडूफिरू लागतो आणि काहींच्या बाबतीत पुन्हा उलटतो. दुसऱ्या फेरीत मेंदूत जातो. तिचे हात थरथरत होते, नजर ठरत नव्हती. फटीच्या टेम्पोत मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. लोक अंगणात येऊन बघत होते. बघू देत.

घाटाच्या वळणावर ती एकदम म्हणाली, “चांदीक पाणी दाखवलात?”

“दाखवलंय.”

“आणि पातेरो?”

“घातलंय. जाड थर घातलंय. बसली आसा आरामात.”

“बरां,” ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली.

दिवसकार्य झाल्यावर रत्नाकर मांगराकडे आला. उभ्याउभ्याच म्हणाला, “काका, एक विचारायचं होतं. गाय तर केव्हाच मेली होती. मग आई तुमच्या बागेत पातेऱ्याला कशाला येत होती?”

“माडांच्या आळ्यात घालूक,” मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि गेला. आणखी काय सांगणार होतो त्याला?

त्या मे महिन्यात मी गडग्याच्या खिंडारात पत्र्याचा एक बोर्ड लावला. खात्यात असताना खांबांवर नंबर घालायचा पिवळा रंग उरला होता, त्याने दोन ओळी लिहिल्या. “पातेरा नेऊ नये. यायचं तर हात हलवत यावं.” दर वर्षी पावसाने रंग उडतो, दर वर्षी जानेवारीत मी तो पुन्हा भरतो. मयेकरांबरोबर वाड्यावाड्यांतून तेलाच्या बाटल्याही वाटतो आणि बायका ते तेल कुत्र्यांना चोपडत नाहीत ना, हे दुसऱ्या फेरीत जाऊन बघतो. दिवाण आता म्हातारा झालाय, आंधळाही. साडेआठला उठून खिंडाराकडे तोंड करून बसतो, मग थोड्या वेळाने पुन्हा आडवा होतो.

यंदा मयेकर बोर्डापाशी थांबले. म्हणाले, “काका, पहिली ओळ अगदी बरोबर आहे. दुसरी खोडून टाका. लोकांना अर्थ लागत नाही, हसतात.”

“हसू देत,” मी म्हटलं आणि ब्रश रंगात बुडवला. ती दोन वाक्यं मला भामाबायला सांगायची होती, त्याच सकाळी, तिच्या हातात खराटा असताना. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.